चुकीसकट

“अहो, ते काय होतं?”

मनोरमाबाईंनी सकाळपासून हे सातव्यांदा विचारलं. हातात जपाची माळ होती आणि अंगठा पहिल्याच मण्यावर अडला होता. मणी पुढे सरकायला मंत्र हवा, आणि मंत्र काही केल्या आठवत नव्हता.

“मला काय माहीत?” जयंतराव म्हणाले. तेही सातव्यांदाच. आणि ते साफ खोटं होतं.

दोन वर्षांत विस्मरणानं बाईंचं एकेक करून सगळं नेलं होतं. आधी घराभोवतीच्या इंद्रपुरीतल्या गल्ल्या गेल्या, मग आमटीची फोडणी गेली, मग पोटच्या मुलीचं नाव. केतकीचा व्हिडिओ कॉल आला की त्या नवऱ्याला हळूच विचारायच्या, “कोण हो ही?” नवरा तेवढा शिल्लक होता. ‘अहो’ म्हटलं की कोण वळून बघणार, हे त्यांना अजून पक्कं ठाऊक होतं. त्या एका ‘अहो’वर जयंतरावांचे दिवस निघत होते.

पण मंत्र गेला आणि बाई जेवेनात. जप झाल्याशिवाय अन्नाला शिवायचं नाही, हा त्यांचा चाळीस वर्षांचा नेम. मंत्र विसरल्या, पण मेला नेम विसरत नव्हत्या. पाच दिवसांत चार घोट दूध काय ते पोटात गेलं होतं.

अरेरा कॉलोनीतल्या डॉक्टरांनी चुटकीसरशी उपाय सांगितला. “कोई भी नाम बता दीजिए, अंकल. राम राम, शिव शिव. आंटी को क्या पता चलेगा?” जयंतरावांना ते पटलं. शब्द म्हणजे आवाज आणि आवाज म्हणजे हवेतली लहर, हे ते जन्मभर सांगत आले होते. राम झाला, शिव झाला, विठ्ठल झाला. बाई दर वेळी मान हलवायच्या. “हा नव्हे.”

केतकीनं फोनवर फोन करून वर्ध्याकडचा मठ शोधला. बाईंना मंत्र देणाऱ्या महाराजांना जाऊन वीस वर्षं झाली होती. मागे शिष्य नाही, वही नाही. मंत्र ज्याचा त्याच्या कानात दिलेला. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात, तसली गत. फक्त इथे कळसा ज्याच्या काखेत होता, तो मिठाची गुळणी धरून बसला होता.

जयंतराव कारखान्यात इंजिनिअर होते. दर रविवारी चार मित्र जमवून पाश्चात्त्य विचारवंतांची जाडजूड पुस्तकं वाचायचे आणि चहा घेऊन येणाऱ्या बायकोच्या कानावर जाईल अशा बेतानं म्हणायचे, “शब्दाला अर्थ असतो, शक्ती नसते.”

“अर्थ तुम्ही ठेवा,” मनोरमाबाई कप मांडत म्हणायच्या. “शक्ती मला राहू द्या.”

मंत्र मनातल्या मनात म्हणायचा, षट्कर्णी झाला की वाया गेला, अशी महाराजांची सक्त ताकीद होती. पण बाई पुटपुटायच्या. देवघराला दार नव्हतं, नुसता पडदा होता. पडद्याअलीकडे खुर्ची टाकून जयंतराव पेपर उघडून बसायचे. हेतू सरळ होता. चूक काढायची. महिन्याभरात ती सापडलीही. एका शब्दाची विभक्तीच चुकली होती. म्हणजे महाराजांना धड संस्कृतही येत नव्हतं! त्या दिवशी खुर्ची उचलायला हरकत नव्हती. ती पुढे तीसेक वर्षं तिथेच राहिली. का, हे जयंतरावांनी स्वतःला कधी विचारलं नाही. उत्तराची भीती वाटत असणार. आणि आता बायकोला सांगायचं तरी कुठल्या तोंडानं? की बाई गं, तुझी ठेव मी रोज चोरून ऐकली, ती केव्हाच वाया गेली?

सहाव्या दिवशी बाईंनी दुधाचा कपही बाजूला सारला. “अहो, ते काय होतं?” आता आवाजही नीट फुटत नव्हता.

जयंतराव उठले. पलंगावर बाईंच्या उजव्या हाताला बसले आणि कानाशी वाकले. एवढ्यातही जुनी खोड आडवी आली. वाटलं, विभक्ती सुधारून सांगावी. मग त्यांना स्वतःचीच लाज वाटली. त्यांनी मंत्र चुकीसकट सांगितला.

तो मंत्र इथे लिहीत नाही. तो त्या दोघांचा आहे.

अंगठ्याखालचा मणी सरकला. मग दुसरा, मग तिसरा. बाईंच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरलं की जयंतरावांना रडू आवरेना. माळ पुरी झाली. त्यांनी वरणभात कालवून घास पुढे केला आणि बाईंनी तो घेतला. मग बाईंनी मान वर केली, त्यांच्याकडे निरखून पाहिलं, घाईघाईनं पदर डोक्यावर ओढला आणि वाकून त्यांच्या पायांना हात लावला.

“महाराज! तुम्ही आलात?”

“अगं, मी…” जयंतराव थांबले. ‘अहो’सुद्धा गेलं होतं. आणि मी महाराज नव्हे म्हणावं, तर पुढचा घास कोण घेणार?

“हो,” ते म्हणाले. “आलो.”

बाईंनी दाराकडे पाहून कुणी नाही याची खात्री केली. आवाज अगदी खाली आणला.

“माझ्या हातून एक चूक झालीय, महाराज. मनात म्हणा, असं सांगितलं होतंत तुम्ही. मी जन्मभर ओठांनी म्हटला. बाहेर हे बसायचे ना… त्यांना ऐकू जावा म्हणून.”