आत माणूस आहे

शीतगृहाचे साहेब धडधडीत खोटं बोलले. "कॅमेऱ्यांचं सगळं फुटेज यात आहे, ताई, घरी जाऊन बघा," म्हणत त्यांनी तिच्या हातावर पेनड्राइव्ह टेकवला आणि ब्याद टळल्यासारखा सुस्कारा सोडला.

अकरा दिवसांपूर्वी तिचा भाऊ तिथे पेट्या लावायला गेला होता. साहेबांच्या मते, काम संपवून तो घरी गेला. घरी तो आलाच नव्हता.

पेनड्राइव्ह उघडेना, म्हणून ती तो कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याकडे घेऊन गेली. त्याने सगळे पोर्ट बदलून पाहिले, दुसरा कॉम्प्युटरही लावला.

"वाचतच नाही, मावशी. फॉरमॅट करू का, एवढंच कॉम्प्युटर विचारतोय. केलं तर आतलं सगळं जाईल."

"खबरदार! तेच तर हवंय त्यांना."

पेनड्राइव्हचा लाल दिवा लुकलुकत होता. दोनदा पटपट, मग एकदा सावकाश. पुन्हा तसंच.

ती खूण तिच्या ओळखीची होती. शीतगृहात आत गेलेला माणूस दारावर असंच ठोकतो: आत माणूस आहे, कडी घालू नका. भाऊ तर घरी आंघोळीला गेला तरी असंच ठोकायचा, आणि ती त्याची टर उडवायची.

"शॉर्ट असेल," म्हणत दुरुस्तीवाल्याने पेनड्राइव्ह उपटला आणि तिच्या हातात दिला.

दिवा विझला नाही. कशालाही न जोडलेला तो तिच्या मुठीत लुकलुकत राहिला, दर खेपेला थोडा मंद होत.

ती तडक शीतगृहाच्या ऑफिसात शिरली आणि तिने पेनड्राइव्ह साहेबांच्या टेबलावर आपटला. साहेबांनी ते लुकलुकणं पाहिलं, आणि त्यांचे ओठ नकळत मोजू लागले. दोन. एक.

"कडी कोणी घातली?" ती ओरडली. "बोला!"