डावा खांदा

माझ्या पाठीच्या ऑपरेशनला दीड महिना झाला होता. वाकायची बंदी, म्हणून ऑपरेशनआधीच शिवून ठेवलेला शाळेचा ड्रेस आईनेच मला घातला. आरशात पाहून मी दचकले. कणा सळ्या घालून सरळ केलेला, आणि ड्रेस वाकडा! डावा खांदा केवढा फुगलेला.

"आई, तुझं माप चुकलं?"

अख्ख्या आळीचे कपडे शिवणारी आई माझी वेणी घालू लागली.

मी खांद्याची शिवण चाचपली. आत कापसाची घडी लागली. कपाट उघडलं. सातवीच्या ड्रेसातही होती. पाचवीच्या फ्रॉकमध्येसुद्धा.

"पाचवीत आणली असती, तर पाठीच्या नुसत्या पट्ट्यावर भागलं असतं," असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा आई रडत म्हणाली होती, "आम्हाला कधी दिसलंच नाही हो!"

"तुला दिसत होतं?"

"कुणाला दिसू नये, एवढंच बघत होते गं."