चांदी चिकटत नाही

"तुमचं यंत्र बिघडलंय," तेल कंपनीचे सरपोतदारसाहेब तिसऱ्यांदा म्हणाले. "आमच्या तेलात एवढं मेण? शक्यच नाही!"

आमचं यंत्र म्हणजे एक अजस्र चुंबक. त्याच्या पोटात कच्चं तेल ठेवून हळूहळू गार करायचं आणि मेणाचे स्फटिक कधी धरायला लागतात ते मोजायचं. साहेबांच्या तेलात ते अठ्ठावीस अंशांनाच धरत होते. थंडीत पाइपलाइन तुंबणार, असं मी रिपोर्टात लिहिलं होतं. तो रिपोर्ट त्यांना बदलून हवा होता.

पण आज खंडेनवमी. आधी यंत्राची पूजा, मग भांडण. स्टीलचं ताट चुंबक ओढून घेईल, म्हणून मी मुद्दाम सासूबाईंनी लग्नात दिलेलं चांदीचं ताट आणलं होतं. "चांदी चिकटत नाही," असं साहेबांना ऐटीत सांगत मी ओवाळायला पुढे झाले. ताट हातातून सुटलं आणि खणकन चुंबकाला जाऊन बसलं. सगळं हळदकुंकू साहेबांच्या शर्टावर.

आम्ही दोघांनी ओढून पाहिलं, ताट हललं नाही. शेवटी मी सासूबाईंना फोन लावला. हात कुंकवाने भरलेले, म्हणून स्पीकरवर.

"आई, तुमचं ताट चुंबकाला चिकटलंय."



"चांदी कशी चिकटेल गं?" त्या कडाडल्या. "तुमचं यंत्रच बिघडलंय!"

साहेबांचा चेहरा उजळला. फोनवर वाकून ते अदबीने म्हणाले, "काकू, एवढंच जरा लिहून द्याल का?"