एकदाच जिंकलेला

मेलिटाने पुतळ्याभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि विचारलं, "हा कोण म्हणायचा?"

"असं काय करता मावशी? तुमचा दामिस," मूर्तिकार स्ट्राटोन म्हणाला.

आर्गोसमधल्या त्याच्या कारखान्यात तो मेणाचा पुतळा उभा होता. परवा भट्टी पेटली की काशाचा व्हायचा आणि गाडीवरून ऑलिंपियाला जायचा. तिथेच दामिस मुष्टियुद्ध जिंकला होता, आणि परतताना वाटेत तापाने गेला होता. आईला त्याचं प्रेतही बघायला मिळालं नाही.

अंग मात्र स्ट्राटोनने नामी घडवलं होतं. बोटावरून तळहाताचं माप, तळहातावरून दंडाचं. कुठे तसूभर इकडेतिकडे नाही.

"माझ्या पोराचं नाक मोडलेलं होतं," मेलिटा म्हणाली. "डावा कान म्हणजे नुसता कणकेचा गोळा. एक खांदा उतरलेला. पोटही होतं थोडं."

"ठाऊक आहे. मी त्याला लढताना बघितलंय." स्ट्राटोनने हात पुसले. "पण स्वतःचं रूप मिळतं ते तीनदा जिंकणाऱ्याला. एकदा जिंकणाऱ्याला हे असं, सगळ्यांना चालणारं. मी मोडकं नाक लावलं तर तिथले पंच माझं मोडतील."

"जगला असता तर आणखी दोनदा जिंकला असता."

"जिंकला असता की."

तो मन राखायला बोलतोय हे तिला कळलं, तरी बरं वाटलं. ती खाली बसली. दोन दिवस चालत आली होती ती त्याला एकदा बघायला, दुसरं काही नको होतं. घरी आता त्याचं नाव काढायलाही कोणी उरलं नव्हतं.

स्ट्राटोनला ते बघवेना. "मावशी, तळपायावर काही खूण होती का? पाय चौथऱ्यात शिसं ओतून बसवतात. खाली कोण वाकून बघतंय?"

"होती. मागच्या सुगीत विळ्यावर पाय पडला होता. एवढा थोरला गडी, पण माझ्या मांडीवर पाय टाकून बसायचा पट्टी बांधून घ्यायला."

"कुठला पाय?" स्ट्राटोनने कोरणी उचलली.

मेलिटाने डोळे मिटले. दामिस लंगडत आला, बसला, पाय तिच्या मांडीवर टाकला. तिने मान वर करून पाहिलं, तर त्याचं नाक सरळ होतं आणि दोन्ही कान धड होते.

"आधी याचं तोंड झाका," ती म्हणाली. "मग सांगते."