प्रेक्षणीय स्थळ

"दात तुमचेच ना?" सिस्टरने बसमध्ये विचारलं, तेव्हा मास्तरांच्या तोंडात पावाचा तुकडा होता.

"मागची एक दाढ सोडली तर सगळे घरचे," मास्तर म्हणाले.

सिस्टरने समाधानाने मान हलवली आणि खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर मेंढ्या होत्या.

मास्तर म्हणजे सुतारकामाचे मास्तर. सारी हयात पोरांना रंधा मारायला शिकवण्यात गेली. मग निवृत्त झाले, बायको गेली, वेगळे राहणारे मुलगा-सून आपापल्या व्यापात बुडाले. घरात बसून भिंतींशी बोलण्यापेक्षा परदेशात जाऊन फुकट शिकवावं, म्हणून तीन महिन्यांसाठी या मुलखात आले होते. सिस्टर त्याच संस्थेच्या दवाखान्यात नर्स, तीही बिनपगारीच. अख्ख्या संस्थेत मराठी बोलणारी माणसं ही दोनच.

सोमवारी मास्तरांचं विमान होतं आणि विमानाच्या पलीकडे कुलूप लावलेलं घर. त्याआधी सिस्टरला लग्नाचं विचारायचंच, असं त्यांनी ठरवलं होतं. तेवढ्यात तीच आपणहून म्हणाली, "जाण्याआधी शनिवार-रविवार तळं आणि मनोरा बघून येऊ. दोघंच." मास्तरांनी त्याच संध्याकाळी केसांना कलप लावला. वयात वीसेक वर्षांचं अंतर होतं खरं, पण त्यातली पाच तरी कलपाने खाल्ली असावीत, असा त्यांचा अंदाज होता.

अडचण एकच होती. जिला तीन महिने सिस्टर म्हणून हाक मारली, तिला आता एकदम काय म्हणायचं?

तळं मोठं होतं. सिस्टरने मात्र त्याच्याकडे पाठ केली आणि मोबाइल मास्तरांवर रोखला.

"जरा चालून दाखवा. इकडे बघू नका, सहज चाला."

मास्तर सहज चालायला गेले आणि हात कुठे ठेवायचे तेच विसरले.

"गुडघे छान आहेत तुमचे," सिस्टर म्हणाली.

मास्तरांच्या गुडघ्यांची आजवर कोणी तारीफ केली नव्हती. ते आणखी एक फेरी मारून आले.

"अहो, तळ्याचा एखादा तरी फोटो काढा."

"तळं कुठे पळून जातंय?" ती म्हणाली. "आता बाजूने उभे राहा. पोट आत घेऊ नका, जसं आहे तसं येऊ द्या."

रात्रीचा मुक्काम एका स्वस्त लॉजमध्ये होता, शेजारशेजारच्या खोल्यांत. सकाळी कॉफी ओतताना सिस्टरने विचारलं, "तुम्ही घोरत नाही का?"

"भिंतीतून काही ऐकू आलं का?"

"नाही आलं. म्हणून तर विचारतेय."

मास्तरांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तीन महिने आपण उगाच भीत होतो. ही तर आपल्या चार पावलं पुढे आहे.

"भांडी घासता?"

"घासतो. तव्याची मागची बाजूसुद्धा."

"मुलगा-सून ऐकतात तुमचं?"

"ऐकतात. करत काही नाहीत."

सिस्टर खळखळून हसली आणि त्यांच्या बशीत आणखी एक अंडं ठेवलं.

मनोऱ्याच्या पायऱ्या उंच होत्या. सिस्टर मागून येत होती आणि मास्तरांना धाप लागतेय का, हे कान देऊन ऐकत होती. मास्तरांनी श्वास दाबून धरला. अर्ध्यावरच्या खिडकीपाशी ती थांबली.

"इथले लोक मला अजून दोन वर्षं राहा म्हणतात, मास्तर. मलाही राहायचंय. पण घरचं मार्गी लागल्याशिवाय होकार देववत नाही."

"घरी कोण?"

"आई. आम्ही दोघीच. शेजारीण लक्ष ठेवते, पण शेजारीण ती शेजारीण."

मास्तर पुढच्या पायऱ्या चढू लागले. मनातल्या मनात त्यांनी सासूबाईंना घरात जागा करून दिली. उजेडाची खोली त्यांची. पलंग आपण स्वतः करायचा. उंची बेताची ठेवायची, उतरताना म्हातारीचे पाय जमिनीला टेकले पाहिजेत. बाजूला धरायला एक गोल दांडा. लाकूड सागाचंच, सासूच्या बाबतीत कंजूषपणा नको. सिस्टर इथे दोन वर्षं राहिली तर राहू दे, आपण तिथे आईंना बघू. वरच्या कठड्यापाशी पोहोचेपर्यंत पलंगाला पॉलिशही होऊन गेलं होतं.

खाली सगळं गाव पसरलं होतं. दोघांपैकी कोणीच ते बघत नव्हतं.

"सिस्टर," मास्तर म्हणाले आणि त्यांनी जीभ चावली. "हे बघा, मला त्या कुलपाच्या घरात एकट्याने परतायचं नाही. तुमच्या घरच्यांत माझ्यासाठी जागा होईल का? रीतसर लग्न करून म्हणतोय मी. आईंची काळजी सोडा, त्यांना मी फुलासारखं जपेन."

सिस्टरने कठडा घट्ट धरला. तिचे डोळे भरून आले होते.

"दोन दिवस हेच कसं विचारावं म्हणून जीव खालीवर होत होता माझा. मला वाटलं, तुमच्या लक्षातच येत नाहीये."

"दात विचारलेत तेव्हाच आलं," मास्तर म्हणाले.

"मग आईला फोन लावू? शेवटी होकार तिचाच हवा."

"अगदी. मोठ्यांना विचारलंच पाहिजे."

मास्तरांनी चष्मा पुसला, शर्ट नीट खोचला. सिस्टरने मोबाइल कठड्यावर उभा केला आणि स्वतः बाजूला सरकली. पहिल्याच घंटीला फोन उचलला गेला. पडद्यावर मास्तरांच्याच वयाच्या एक बाई होत्या. इस्त्रीची साडी, कानात कुड्या, जणू केव्हाच्या तयार होऊन बसल्या होत्या. सासू टापटिपीची आहे, मास्तरांना बरं वाटलं. त्यांनी दोन्ही हात जोडले आणि मोबाइलपुढे कमरेतून पार खाली वाकले.

"अहो, वाकताय काय?" बाई म्हणाल्या. "लग्नाआधीच बायकोच्या पाया पडायला लागलात, तर पुढे कसं व्हायचं आपलं?"