हाडाचं माप

माणिकरावांनी पितळेचा चिमटा आधी सिद्धम्माच्या कानशिलांना लावला, मग शांतम्माच्या. सिद्धम्माचा जीव टांगणीला लागला.

निजामाच्या हैदराबादेत माणसांची डोकी मोजायला पगार मिळतो, हे चारठाणा गावाला त्याच आठवड्यात कळलं. माणसात रक्तानं काय येतं आणि सहवासानं काय, याचा माणिकरावांना शोध घ्यायचा होता. खुशाल घ्यावा. पण त्यांना घरोघर फिरवत होते ते अण्णाराव, आणि शांतम्मा येत्या महिन्यात त्यांचीच सून व्हायची होती.

शांतम्मा सिद्धम्माच्या पोटची नव्हती. जिंतूरच्या कापसाच्या जिनिंगवर कामाला असलेली एक बाई पटकीत गेली, म्हणून तिची तान्ही पोर सिद्धम्माच्या नवऱ्यानं, ईश्वरअप्पानं, सिद्धम्माच्या माहेरी आणून दिली. बाईचं नावगाव कुणालाच ठाऊक नाही, म्हणाला. सिद्धम्मा बरेच महिने माहेरीच होती. तिनं लिंगायत रीतीनं पोरीला लिंग बांधून आपल्यात घेतलं आणि वर्षभरानं तिला कडेवर घेऊनच परतली. गावानं पोर पोटची धरली. नवराबायकोनं पुढं अवाक्षर काढलं नाही.

सिद्धम्मा उगाच आत जाई, उगाच बाहेर येई.

"चालणं, हसताना तोंडाला पदर लावणं, सगळं आईचं," माणिकराव म्हणाले. "पण ते बघून बघून येतं. हाडात मात्र आईचं काहीच उतरलेलं नाही."

अण्णारावांचं पान चघळणं थांबलं. "काहीच न्हाई म्हंजे?"

सिद्धम्माला वाटलं, आता लग्न मोडतं. ती पुढं झाली.

"बापावर गेलीया, सायेब. यांची करंगळी बघा, न् पोरीची बघा."

"बोटात काय बघायचं," ईश्वरअप्पा पुटपुटला. हात पुढं करीना.

"दाखवा की."

दोन्ही करंगळ्या आत वाकलेल्या. पोरीची कशी वाकली, ते सिद्धम्मा जाणून होती. बापाची करंगळी मुठीत धरून पोर चालायला शिकली, मोठी झाली तरी सोडीना, आणि वाढतं बोट त्याच वळणावर गेलं. सांभाळलेलं लेकरू घरासारखंच होतं, असं तिला वाटे. तिला त्या बोटाचं भारी कौतुक होतं.

अण्णाराव हसले. "बोट धरून धरून वाकलं आसंल."

"छे, धरल्यानं हाड वाकत नाही." माणिकरावांनी दोन्ही हात शेजारी ठेवले. "हेच पेर, हाच बाक. हे रक्तानंच येतं. ही यांचीच मुलगी, दुसरी साक्ष नको."

"मंग झालं तर," अण्णारावांचा चेहरा खुलला. "उद्या लग्नाच्या याद्यांचं बोलू."

दोघं पुढच्या घरी गेले. शांतम्मा पाण्याला गेली.

"निभावलं बघ," ईश्वरअप्पा म्हणाला.

सिद्धम्मा उंबऱ्यातून हलली नाही.

"जिनिंगवरल्या त्या बाईचं," तिनं विचारलं, "नाव काय होतं?"