काडीवरची खाच

कचरूनं डिझेलच्या टाकीचं कुलूप पुन्हा एकदा हिसका मारून पाहिलं. लागलेलं होतं. मघाशीही लागलेलंच होतं. पण जीव काय जागेवर राहतोय!

वाळूजच्या कारखान्याबाहेर ट्रेलर उभा, माल उतरवायचा नंबर उद्याचा. आणि तिकडं उस्मानपुऱ्यात घरी त्याच्या पोरीला, संध्याला बघायला पाहुणे आलेले. बापाशिवाय! बायकोचा, भामाबाईचा फोन वाजून वाजून थकला. शेवटी उचलला तर ती कडाडली, "पाव्हणं इचारायलेत, पोरीचा बाप कुठंय? काय सांगू? टाकी राखत बसलाय म्हनून?"

"आगं, मागल्या टायमाला काय झालं..."

"चुलीत गेलं तुमचं डिझेल!" फोन बंद.

मागच्या खेपेला तो असाच घरी जेवायला गेला होता, शेजारच्या ड्रायव्हरच्या भरवशावर. परत आला तर टाकी कोरडी ठाक. गाडीमालक नानासाहेब चार लोकांत म्हणाले, "चोर बाहेरचा का आपल्यातला, कुणी सांगावं?" तेव्हापासून गाडी परतली की त्यांचा मुनीम सगळ्यांदेखत टाकीत काडी घालून डिझेल मोजतो. कचरूला मेल्याहून मेल्यासारखं होतं. उभा जन्म गाडी हाकली आणि इमान काडीवर मोजायची वेळ आली! आणखी एकदा डिझेल गेलं की नोकरीही गेली, हे नानासाहेबांनी बजावून ठेवलेलं.

तो टाकीभोवती घिरट्या घालत असतानाच एक रिक्षा थांबली. पांढऱ्या मिशांचा, एका पायानं लंगडणारा माणूस उतरला.

"जय भीम. मी मोतीराम. पोराचा बाप."

कचरूनं लगबगीनं हात जोडले. "जय भीम, पाव्हणं. तुम्ही हितं कशाला तरास घेतला?"

"तुम्ही येईनात, म्हनून मीच आलो. मी बी गाडीच चालवली, गुडघ्यानं सोडवली. टाकीचा घोर काय आसतो ते मला ठावं हाय. पोरगी आमी बघितली, पसंत हाय. आता तुम्ही जावा, पोराला बघून या. तवर मी बसतो गाडीपाशी."

आता आली का पंचाईत! नाही म्हणावं तर सोयऱ्याचा अपमान, पोरीचं जमत आलेलं मोडायचं. हो म्हणावं तर आज पहिल्यांदा तोंड पाहिलेल्या माणसाच्या हवाली गाडी करायची. त्यातून गडी ड्रायव्हर! कुलपाला हात न लावता डिझेल काढायच्या सतरा वाटा ड्रायव्हरला माहीत असतात. कचरूलाही ठाऊक होत्या.

"लई उपकार झाले," तो म्हणाला. "आधी टपरीवर चहा तर घ्या."

मोतीराम लंगडत टपरीकडं गेले, तसं कचरूनं झटक्यात कुलूप काढलं. बाभळीची एक लांब काडी टाकीत घातली, ओल जिथवर चढली तिथं खिळ्याच्या टोकानं खाच पाडली आणि काडी केबिनमध्ये सीटखाली सारली. कुलूप लावलं, किल्ली खिशात घातली. जीव थोडा भांड्यात पडला. थोडी लाजही वाटली. लाजेला तो म्हणाला, तू गप बस.

घरी पोहे आले, चहा आला. मोतीरामांचा पोरगा सम्यक समोर बसला होता, विचारलं तेवढंच बोलत होता. भामाबाईनं कोपरानं ढोसलं, "इचारा की कायतरी."

कचरू दचकला. "वडील कसे हायेत तुमचे?"

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. पोरगा गोंधळला. "चांगले हायेत. तुमच्याकडंच गेलेत ना?"

"व्हय, व्हय." कचरूनं चहा अर्धा टाकला आणि उठला. संध्या दारातून बापाकडं बघत होती. बाप चपला शोधत होता.

परतताना छावणीत रिक्षा गर्दीत अडकली, तेव्हा त्याला उतरून पळत सुटावंसं वाटलं.

ट्रेलरची सावली एका बाजूला पडली होती. मोतीराम दुसऱ्या बाजूला, टाकीच्या बाजूला, उन्हात बसले होते. दुखरा पाय लांब केलेला, पाठ टाकीला लावलेली.

"कुनी फिरकलं नाय," ते म्हणाले. मग शेजारची काडी उचलून त्यांनी पुढं केली. "पान्याची बाटली धुंडताना सीटखाली ही घावली. खाच ताजी हाय. तुमचीच ना?"

कचरूनं खाली मान घालून काडी हातात घेतली.

"मोजा."

"ऱ्हाऊ द्या, पाव्हणं. चुकलं माझं."

"नाय, मोजा. मला बी मालकानं जन्मभर आसंच मोजलं, सवय हाय. पर न मोजता ऱ्हायलं तर तुमच्या मनात ऱ्हाईल. आन् पोरीला माझ्या घरात नांदायचंय."

कचरूनं कुलूप काढलं. काडी आत घातली, वर काढली. ओल बरोबर खाचेपाशी. तसूभर इकडं नाही की तिकडं नाही.

मोतीरामांनी काडीकडं पाहिलंही नाही. ते कचरूच्या तोंडाकडं बघत होते.

"झालं समाधान? आता सांगा, माझा पोरगा कसा वाटला?"

कचरू आठवू लागला. पोह्यांची बशी आठवली, दारातली संध्या आठवली. पोराचा चेहरा काही केल्या आठवेना. काडीवरचं डिझेल त्याच्या चपलेवर ठिबकत राहिलं.